चाचणी आधी, कोड नंतर : व्ही-मॉडेलविषयी वाचकांचे प्रश्न

मोटारींमधील सॉफ्टवेअर कसे तयार होते, यावरील गेल्या अंकातल्या लेखात व्ही-मॉडेलचा ओझरता उल्लेख होता. सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने बनवायचे आणि प्रत्येक टप्प्याला एक चाचणी जोडायची, एवढेच त्यात सांगितले होते. तेवढ्यावर वाचकांचे समाधान झालेले नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसते. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या पुस्तकात ‘व्ही-मॉडेल हा वॉटरफॉल मॉडेलचा विस्तार आहे’ असे एका वाक्यात दिले आहे. दोन्हींत टप्पे एकामागून एक येतात आणि दोन्हींत मागे फिरणे अवघड असते. मग सरळ उतरणारी आकृती मधोमध वाकवली, एवढाच फरक समजायचा का?
— अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात तेवढाच फरक केला जातो, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. आधी वॉटरफॉलकडे पाहू. गरजा लिहून काढायच्या, आराखडा करायचा, कोड लिहायचा आणि शेवटी चाचणी घ्यायची, या सरळ उताराचे मूळ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या शोधनिबंधात सांगितले जाते. गंमत अशी, की त्या निबंधात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही, आणि ही सरळ उताराची रीत धोक्याची आहे, असे रॉइस यांनी तेथेच नोंदवून ठेवले आहे. त्यांचे कारण नेमके होते. प्रोग्रॅमला लागणारा वेळ, मेमरी आणि माहितीची देवाणघेवाण या गोष्टी तोपर्यंत कागदावर मांडलेल्या असतात. त्यांचा प्रत्यक्ष अनुभव पहिल्यांदा चाचणीच्या टप्प्यावर येतो, आणि तो टप्पा अगदी शेवटी असतो. तेथे काही बिनसले तर दुरुस्ती आराखड्यापर्यंत, कधी थेट गरजांपर्यंत मागे जाते.

व्ही-मॉडेलने या दुखण्यावर उपाय शोधला. आकृतीच्या डाव्या भुजेवर वरून खाली ग्राहकाच्या गरजा, संपूर्ण सिस्टिमचा आराखडा, मॉड्यूलांची, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतंत्र भागांची, विभागणी व त्यांच्यातील जोडणी आणि शेवटी एकेका मॉड्यूलची तपशीलवार रचना येते. तळाशी कोड असतो. उजव्या भुजेवर खालून वर युनिट, इंटिग्रेशन, सिस्टिम आणि अ‍ॅक्सेप्टन्स अशा चार चाचण्या चढत जातात : एकेका मॉड्यूलची, मॉड्यूलांच्या जोडणीची, संपूर्ण सिस्टिमची आणि शेवटी ग्राहकाने स्वीकारण्यापूर्वीची. परीक्षेत आपण या दोन भुजा काढता आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुटक रेषा घाईघाईने ओढून देता. माझ्या मते मॉडेलचा सगळा जीव त्या तुटक रेषांत आहे. डावीकडचा कागद ज्या दिवसांत लिहिला जातो, त्याच दिवसांत समोरच्या चाचणीचा मजकूरही लिहायचा, असे ती रेषा सांगते. चाचणी चालवायची पुढे, कोड तयार झाल्यावर. पण काय तपासायचे आणि कोणता निकाल आला म्हणजे ‘पास’ म्हणायचे, हे गरज लिहितानाच ठरवायचे. या रेषा पाळल्या नाहीत तर उरतो तो वाकवलेला वॉटरफॉल, आणि आपल्या पुस्तकातले वाक्य मग अक्षरशः खरे ठरते.

इतिहासात रस असेल तर एवढे सांगतो. विकासाच्या टप्प्यांसमोर तपासणीचे टप्पे मांडणारी व्हीच्या आकाराची आकृती बॅरी बोहम यांच्या १९७९ च्या लेखनात भेटते. जर्मनीत १९८० च्या दशकात संरक्षण मंत्रालयासाठी याच नावाची कार्यपद्धती तयार होऊ लागली. पुढे ती इतर सरकारी प्रकल्पांनाही लागू झाली, १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि २००५ पासून ‘व्ही-मॉडेल एक्सटी’ हे रूप वापरात आले. अमेरिकेत सिस्टिम इंजिनिअरिंगच्या मंडळींनी १९९१ च्या सुमारास आपले वेगळे व्ही मांडले. त्यामुळे वेगवेगळ्या पुस्तकांत टप्प्यांची नावे व संख्या थोडी निराळी दिसली तर गोंधळून जाऊ नये.

प्रश्न : व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन यांतला फरक मुलाखतीत हमखास विचारतात. डावी भुजा एकाची आणि उजवी दुसऱ्याची, असे उत्तर दिले तर चालते का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मुलाखतीत कदाचित चालून जाईल, पण ते अपुरे आहे. बोहम यांनी हा फरक दोन प्रश्नांत मांडला होता : आपण वस्तू नीट बनवत आहोत का (व्हेरिफिकेशन), आणि आपण योग्य वस्तू बनवत आहोत का (व्हॅलिडेशन). पहिल्याचे उत्तर आधीच्या टप्प्याच्या कागदाशी ताडून मिळते. त्यामुळे आराखड्याचा रिव्ह्यू जसा व्हेरिफिकेशनमध्ये येतो, तशीच युनिट आणि इंटिग्रेशन चाचणीही त्यातच येते, म्हणजे उजव्या भुजेचा मोठा भाग व्हेरिफिकेशनचाच ठरतो. दुसऱ्याचे उत्तर कागदाकडे पाहून मिळत नाही, त्यासाठी वापरणाऱ्या माणसाकडे जावे लागते. गरजांचा कागदच चुकला असेल, तर त्याबरहुकूम बनवलेले सॉफ्टवेअर पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होऊन दुसऱ्यात नापास होऊ शकते.

प्रश्न : मी मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत टेस्टर आहे. प्रोजेक्ट सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्याकडून सिस्टिम टेस्ट केसेस (संपूर्ण सिस्टिमच्या लेखी चाचण्या) मागतात. तेव्हा ना कोड असतो, ना कंट्रोलर हातात असतो. जी वस्तू अस्तित्वातच नाही तिची चाचणी लिहायची कशी? शेवटी आम्ही रिक्वायरमेंटचेच (गरजेचेच) वाक्य उचलतो, त्याला ‘तपासा की’ जोडतो आणि फाइल जमा करतो.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपण शेवटी जे प्रांजळपणे लिहिले आहे ते अनेक ऑफिसांतले उघड गुपित आहे. ‘काच अडथळा आल्यावर खाली गेली पाहिजे’ या वाक्याचे ‘तपासा की काच अडथळा आल्यावर खाली जाते’ असे केले, की ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्समधला (कोणत्या गरजेला कोणती चाचणी आहे हे दाखवणाऱ्या तक्त्यातला) रकाना भरतो, पण त्या चाचणीतून काही कळत नाही. आपल्या क्षेत्रातलेच उदाहरण घेऊन हे काम कसे करायचे ते दाखवतो.

दारातल्या काचेचे बटण एकदा दाबले की काच आपोआप वर जाते. मधे लहान मुलाचा हात आला तर तिने थांबून उलटे फिरले पाहिजे. ही झाली गरज, पण अशी लिहिली तर तिची चाचणी घेता येत नाही, कारण किती जोर लागला म्हणजे हात दाबला गेला, हे त्यात कोठेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या वाहनविषयक नियमावलीतील २१ व्या क्रमांकाचा नियम येथे उपयोगी पडतो. काच आणि वरची कड यांमधली फट २०० मिलिमीटर ते ४ मिलिमीटर असताना काचेचा जोर १०० न्यूटनच्या पुढे जाण्यापूर्वी काच उलटी फिरली पाहिजे, असे तो सांगतो. आता चाचणी लिहिता येते. फटीत जोर मोजणारे उपकरण कोठे ठेवायचे, फट किती असताना ठेवायचे आणि कोणता आकडा ओलांडला म्हणजे नापास, हे सगळे कंट्रोलर हातात नसतानाही ठरते. चार मिलिमीटरच्या खाली सूट का, तर काच शेवटी वरच्या रबरात शिरते आणि तेथे जोर आपसूकच वाढतो. तेथेही संरक्षण चालू ठेवले तर काच कधीच पूर्ण बंद होणार नाही.

पण चाचणी आधी लिहिण्याचा खरा फायदा पुढेच आहे. टेस्ट केस लिहिताना सुरुवातीची स्थिती लिहावी लागते. काच कोठे आहे हे कंट्रोलरला बहुतेक वेळा मोटरच्या फेऱ्यांबरोबर मिळणाऱ्या हॉल सेन्सरच्या (चुंबकाच्या साह्याने फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरच्या) पल्सेस, म्हणजे विजेचे ठोके, मोजून कळते. आता टेस्टर ‘सुरुवातीची स्थिती’ या रकान्यापाशी थांबतो आणि विचारतो, की गॅरेजवाल्याने बॅटरी काढून परत जोडली तर? मोजणी पुसली गेली असेल, तर काच आत्ता २०० मिलिमीटरवर आहे की ४ वर, हे कंट्रोलरला माहीत नाही. अशा वेळी एका दाबात वर जाण्याची सोय बंद ठेवायची का? काच एकदा शेवटपर्यंत वर नेऊन नव्याने शून्य धरायचे का? तोपर्यंत बटण सतत दाबून ठेवले तरच काच वर जावी, असे करायचे का? यांतले काहीही मूळ कागदावर नव्हते. एकही ओळ कोड लिहिला गेलेला नाही आणि तरीही एक मोठी उणीव सापडली. ती पहिल्या महिन्यात सापडली तर एका बैठकीत आणि कागदावरच्या दोन ओळींत मिटते. गाडी रस्त्यावर आल्यावर सापडली तर काय होते, ते आपल्याला मी सांगायला नको.

पायरी बदलली की प्रश्नही बदलतात. मॉड्यूलांची विभागणी ठरवताना इंटिग्रेशनच्या चाचण्या लिहाव्यात : दाराच्या बटणाचा संदेश उशिरा आला, दोनदा आला, किंवा आलाच नाही तर मोटर चालवणारे मॉड्यूल काय करते? तपशीलवार रचना करताना युनिट चाचण्या लिहाव्यात : पल्सेस मोजणारा काउंटर १६ बिटांचा असेल तर ६५,५३५ नंतर तो शून्यावर जातो, तेथे काच कोठे आहे असे फंक्शन सांगते? मोटरचा वेग किती टक्के घटला की अडथळा मानायचा, त्या आकड्याच्या एक खाली, नेमका तेवढा आणि एक वर, अशी तीन मूल्ये तर द्यायलाच हवीत. सिस्टिमच्या पातळीवर बॅटरीचे व्होल्टेज उतरलेले असताना, थंडीत रबर कडक झालेले असताना आणि काच वर जात असतानाच गाडी खड्ड्यात आदळली तर काय होते, हे पाहावे लागते. कारण आदळण्याने मोटरचा वेग क्षणभर घटतो आणि हात नसतानाही काच खाली जाऊ शकते. या शेवटच्या चाचणीसाठी पुण्यात मुद्दाम ट्रॅक शोधावा लागत नाही.

तेव्हा ‘तपासा की’ लिहिणे सोडून प्रत्येक टेस्ट केसमध्ये सुरुवातीची स्थिती, दिलेली कृती, अपेक्षित आकडा आणि किती फरक चालेल, या चार गोष्टी भरण्याचा आग्रह धरा. यांतली एखादी भरता आली नाही, तर ती टेस्ट केस बाजूला ठेवू नका. तो रिक्वायरमेंट लिहिणाऱ्याला विचारायचा प्रश्न आहे आणि त्याच आठवड्यात लेखी विचारायचा. सुरुवातीला आपण अडथळे आणता अशी कुरकुर होईल. ती सोसावी. दुसऱ्या प्रोजेक्टपासून रिक्वायरमेंट लिहिणारे स्वतःच आकडे घालून कागद पाठवू लागतात, असा अनुभव आहे.

प्रश्न : एरियन-५ रॉकेट सॉफ्टवेअरमधल्या एका साध्या चुकीमुळे नष्ट झाले, असे नेहमी वाचनात येते. युरोपच्या अंतराळ कार्यक्रमात व्ही-मॉडेलसारखी शिस्त असतानाही अशी चूक सुटली, तर मग त्या शिस्तीचा उपयोग काय?
— निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : ‘एका साध्या चुकीमुळे’ हे आपण वाचलेले शब्द बाजूला ठेवले, तर ही घटना व्ही-मॉडेल समजून घेण्यासाठी फार उपयुक्त आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ चे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट आकाशातच फुटले. त्यावर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. गणितज्ञ जाक-लुई लिआँ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला.

रॉकेटची दिशा व वेग सांगणारी यंत्रणा एरियन-४ या आधीच्या रॉकेटवरून जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती. तिच्यातला एक भाग उड्डाणापूर्वी यंत्रणा जुळवण्याचे काम करत असे; उड्डाण झाल्यावर एरियन-५ ला त्याचा काहीच उपयोग नव्हता, तरीही जुन्या रॉकेटच्या सोयीसाठी तो उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राहत होता. या भागात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. एरियन-५ चा आडवा वेग एरियन-४ च्या मानाने पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या १६ बिटांत मावली नाही, यंत्रणेने चूक जाहीर करून काम थांबवले, आणि राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तीही त्याच कारणाने त्याच्या क्षणभर आधीच बंद पडली होती. मुख्य संगणकाकडे गेले ते काय बिघडले हे सांगणारे आकडे; त्याने ते दिशेचे आकडे समजून रॉकेटचे नॉझल पूर्ण वळवले.

आता ही चूक व्हीच्या कोणत्या पायरीवर बसते ते पाहू. कोड लिहिणाऱ्यांनी संख्या मावेल की नाही याचा विचार केलाच नव्हता, असे नाही. अशा धोक्याच्या सात संख्या त्यांनी शोधल्या होत्या. चारांना संरक्षण दिले आणि संगणकावरचा भार ठरलेल्या मर्यादेत राहावा म्हणून तीन मोकळ्या सोडल्या. एरियन-४ च्या मार्गासाठी तो निर्णय चुकीचा ठरला नव्हता. म्हणजे तळाच्या पायरीवर, जुन्या रॉकेटच्या कागदाशी ताडले तर, काम बरोबर होते. घोटाळा वरच्या पायरीवर होता : नव्या रॉकेटचा उड्डाणमार्ग या यंत्रणेच्या गरजांच्या कागदात घातलाच गेला नाही. आणि डावीकडे जे लिहिले गेले नाही ते उजवीकडे तपासले गेले नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून? संपूर्ण रॉकेटची नक्कल करून ज्या चाचण्या झाल्या, त्यांत ही यंत्रणा प्रत्यक्ष जोडलेली नव्हती. तिच्याऐवजी तिचे आकडे देणारे सॉफ्टवेअर होते, कारण यंत्रणा स्वतंत्रपणे तपासून मंजूर झाली आहे, असे धरले होते. एरियन-५ चा खरा मार्ग देऊन जमिनीवरच तिची चाचणी घेता आली असती आणि तीत हा दोष उघड झाला असता, असे मंडळाने म्हटले आहे.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की शिस्तीचा उपयोग तिथवरच झाला जिथवर आडवी रेषा शाबूत होती. जुने मॉड्यूल नव्या सिस्टिममध्ये आणताना बहुधा त्याच्या युनिट चाचण्यांचे निकाल सोबत येतात आणि सगळ्यांना निर्धास्त वाटते. पण व्हीच्या वरच्या दोन पायऱ्या नव्या सिस्टिमच्या असतात आणि त्या नव्यानेच लिहाव्या लागतात. याला साधा अपवादही मला ठाऊक नाही.

प्रश्न : आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी रिलीज (नवी आवृत्ती) असतो. सगळे अ‍ॅजाइलमध्ये, म्हणजे थोडे थोडे बनवून वरचेवर ग्राहकाला देण्याच्या पद्धतीने, चालते. व्ही-मॉडेल आता फक्त परीक्षेपुरते उरले आहे असे वरिष्ठ म्हणतात. आपले मत काय?
— वेब डेव्हलपर, नागपूर

उत्तर : आपण वेबसाइट किंवा मोबाइल अ‍ॅप बनवत असाल, तर आपले वरिष्ठ बरोबर बोलत आहेत. ग्राहकाला नेमके काय हवे हे दोन-चार रिलीज वापरून पाहिल्याशिवाय कळत नसेल आणि चूक झाल्यास संध्याकाळपर्यंत जुनी आवृत्ती परत चढवता येत असेल, तर सहा महिने गरजा लिहीत बसण्यात अर्थ नाही. व्ही-मॉडेलचे हे उणे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही : गरजा सुरुवातीलाच पुरेशा स्थिर आहेत असे ते धरून चालते आणि चालणारे काहीतरी ग्राहकाच्या हाती पडायला फार वेळ लावते. गरज बदलली की तिच्याखालचा आराखडा आणि समोरची चाचणी दोन्ही बदलावी लागतात. मोठ्या प्रकल्पात हे काम जिवावर येते आणि मग कागद एक सांगतो, कोड दुसरेच करतो.

पण जेथे चूक परत घेता येत नाही तेथे चित्र वेगळे आहे. मोटारींसाठीचे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्याची सगळी मांडणीच व्हीवर बेतलेली आहे. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी आहे, रेल्वेच्या सिग्नलिंगसाठी ईएन ५०१२८ होते, २०२३ मध्ये त्याच्या जागी ईएन ५०७१६ आले. वैद्यकीय उपकरणांसाठीचे आयईसी ६२३०४ तर अमुकच मॉडेल वापरा असा आग्रहही धरत नाही. मात्र प्रत्येक गरजेपासून तिच्या चाचणीपर्यंतचा माग दाखवता आला पाहिजे, यावर ते ठाम आहे. पुण्यात मोटारींच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या हजारो तरुणांचा दिवस आजही याच आडव्या रेषा सांभाळण्यात जातो. त्यांच्यापैकी अनेकांच्या टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्येच (कामाच्या छोट्या फेऱ्यांतच) काम करतात आणि स्प्रिंटमध्ये एक लहान व्ही पूर्ण करतात, त्यामुळे दोन्हींत हाडवैर आहे असे मानू नये. जर्मनीच्या व्ही-मॉडेल एक्सटीमध्येही टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या पद्धतीला जागा ठेवली आहे.

एक गोष्ट आपण स्वतः तपासून पाहू शकता. आपल्या यूजर स्टोरीखाली, म्हणजे वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेल्या गरजेखाली, अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम मान्य करण्याच्या अटी) लिहिलेले असतात. ते कोड लिहिण्यापूर्वी लिहिले जातात, की टेस्टरने मागितल्यावर डेव्हलपर कोडकडे पाहून भरतो? पहिले असेल, तर आपण व्ही-मॉडेलमधला उपयोगाचा भाग आधीच वापरत आहात. दुसरे असेल, तर कोड जे करतो तेच ‘अपेक्षित निकाल’ म्हणून लिहिले जाते, आणि अशा चाचणीत कोड नापास होणे शक्यच नसते.

प्रश्न : मी एका सहकारी पतसंस्थेचा संचालक आहे. आम्ही नवे सॉफ्टवेअर करून घेत आहोत. कंपनीने ‘व्ही-मॉडेलप्रमाणे काम करू’ असे प्रस्तावात लिहिले आहे. आमच्यापैकी कोणीही तांत्रिक नाही. सही करण्यापूर्वी आम्ही काय पाहावे?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : व्हीची दोन वरची टोके आपली आहेत : डावीकडे गरजा आणि उजवीकडे अ‍ॅक्सेप्टन्स चाचणी. मधले सगळे कंपनीचे. त्यामुळे आपण तांत्रिक नसल्याने काही बिघडत नाही. पण ही दोन टोके कंपनीला भरू देऊ नका. बहुतेक ठिकाणी गरजांचा कागद कंपनीचा विक्री प्रतिनिधी लिहितो, संचालक मंडळ बैठकीच्या शेवटी त्यावर सही करते, आणि अ‍ॅक्सेप्टन्स चाचणी म्हणजे कंपनीच्या माणसाने प्रोजेक्टरवर दाखवलेले अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक ठरते.

प्रस्तावात ‘ठेवींवरील व्याज संस्थेच्या नियमाप्रमाणे काढले जाईल’ असे वाक्य असेल. त्यावर सही करू नका. आपल्या ज्येष्ठ लेखनिकाला बसवा आणि जुन्या खतावणीतून खरे नमुने काढायला सांगा. मुदतीआधी मोडलेली ठेव, हप्ते चुकलेले आवर्ती खाते, सुट्टीच्या दिवशी पूर्ण झालेली मुदत, २९ फेब्रुवारी मधे आलेले वर्ष, ठेव चालू असताना ज्यांचे वय साठ झाले असे सभासद आणि ज्येष्ठांना आपण जादा दर देत असाल तर तो त्यांना कोणत्या तारखेपासून लागू होतो, पैशांतली रक्कम जवळच्या रुपयात कशी धरायची, अशी यादी आपोआप वाढत जाईल. प्रत्येक नमुन्यासमोर हाताने काढलेले उत्तर रुपये-पैशांत लिहा. हे करताना दोन लेखनिकांची उत्तरे जुळली नाहीत तर आश्चर्य वाटू देऊ नका. नियमात जी पळवाट आहे ती तेथे सापडली, आणि तिचा निर्णय संचालक मंडळाने घ्यायचा आहे, प्रोग्रॅमरने नव्हे. व्यक्तींची नावे व खाते क्रमांक मात्र कंपनीला देण्यापूर्वी बदलून घ्या.

हे नमुने आणि उत्तरे करारासोबत परिशिष्ट म्हणून जोडा, आणि पैशांचा एक मोठा हप्ता ती सगळी उत्तरे आपल्या लेखनिकाने, आपल्या कार्यालयात, आपल्या हाताने आकडे भरून मिळवल्यावरच द्यायचा, असे कलम घाला. प्रत्येक गरजेला क्रमांक आणि त्यापुढे तिच्या चाचणीचा क्रमांक, असा तक्ता कंपनीकडून मागा. व्ही-मॉडेलप्रमाणे काम करणाऱ्याकडे तो असतोच. ज्या गरजेसमोर चाचणीचा रकाना रिकामा असेल तिच्याविषयी बैठकीत विचारा. पुढे मधेच नियम बदलला, उदाहरणार्थ व्याजाचा दर बदलला किंवा वार्षिक सभेने नवी ठेव योजना मंजूर केली, तर बदलाच्या पत्रासोबत नवा नमुना आणि त्याचे उत्तरही पाठवा.

अखेरच्या चाचणीनंतरही जुनी पद्धत लगेच बंद करू नका. निदान एक तिमाही दोन्ही पद्धती समांतर चालवा, आणि जमल्यास ती तिमाही जानेवारी ते मार्च अशी निवडा, म्हणजे ३१ मार्चची वर्षअखेर, व्याजाची आकारणी आणि ताळेबंद या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे होऊन रोजकीर्दीशी पडताळता येतील. कंपनी याला जादा खर्च म्हणेल, म्हणून तोही आताच्या करारातच लिहून घ्या.